काय खाऊ, काय सोडू? : डॉक्टरबाईंना आलेली पत्रं

मागच्या अंकात पाळीबद्दलच्या एका प्रश्नाच्या शेपटाला मी एकच वाक्य जोडलं होतं: मूल राहत नसेल तर दोघांचीही तपासणी करा. त्यावर एवढी पत्रं आली की दवाखान्यातल्या औषधांच्या खोक्यात मावेनात. बहुतेकांचा प्रश्न एकच, काय खाऊ? सासूबाई मंडळींचा त्याच चालीवर, काय खायला घालू? काय सोडू, असं मात्र कुणी फारसं विचारलेलं नाही. त्यातली सहा पत्रं इथं घेते. तालुका तेवढा ठेवलाय, बाकी ओळख पुसली आहे.

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. माझं वय ३१. तासगाव तालुक्यात अडीच एकर द्राक्षबाग आहे. लग्नाला तीन वर्षं झाली. बायको २६ वर्षांची, तिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. शेवटी माझी तपासणी केली. शुक्रजंतूंचा काउंट ९ मिलियन (९० लाख) आणि मोटिलिटी, म्हणजे हालचाल, २० टक्के आली. सॅम्पल लाजेपोटी घरूनच नेलं, वाटेत उसाच्या ट्रॉल्यांनी अडकवलं, दीड तास गेला. गणपतीनंतर मला चिकुनगुन्या झाला होता, सांधे अजून धरतात. तंबाखू आहे, दारू नाही. मित्र म्हणतो शिलाजित घे, चुलते म्हणतात उडदाचे लाडू आणि गावरान अंडी खा. काय खाऊ?

उत्तर : दादा, निम्मं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, तुम्ही ते लिहून पुढं निघून गेलात.

आधी तो रिपोर्ट जरा बाजूला ठेवा. फेकू नका, पण त्यावरून रात्रीची झोपही घालवू नका. तुम्हाला गणपतीनंतर सणकून ताप आला असणार. वृषणं अंगाबाहेर पिशवीत ठेवलीत ती उगाच नाही, त्यांना अंगापेक्षा दोन ते चार अंश थंडावा लागतो. जोराचा ताप येऊन गेला की पुढचे दोन-तीन महिने काउंट खाली येतो आणि बहुतेकांचा मग आपोआप वर चढतो. आता त्या ट्रॉल्या. नमुना तासाभराच्या आत, तोही शर्टाच्या आत अंगाच्या उबेत धरून पोचवायचा असतो. दीड तासात शुक्रजंतूंची संख्या घटत नाही, पण हालचाल मंदावते. म्हणजे त्या २० टक्क्यांत तुमचा दोष किती आणि उसाचा किती, हे त्या कागदावरून कुणालाच सांगता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू आणि ४२ टक्के हालचाल ही खालची रेघ दिली आहे. तुमचे ९० लाख त्या रेघेखाली आहेत हे खरं. पण रेघेखाली म्हणजे शून्य नव्हे, अशा काउंटवर मुलं झालेली जोडपी माझ्याकडं पेढे घेऊन आलेली आहेत.

संक्रांतीच्या सुमारास पुन्हा तपासणी करा. नमुना लॅबमध्येच द्या, त्यांची वेगळी खोली असते. लाज वाटली तरी ती दहा मिनिटांची आहे. आधी किमान दोन दिवस आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध नको. त्याच फेरीत डॉक्टरांकडून अंगावरची तपासणीही करून घ्या. वृषणाच्या शिरा फुगलेल्या असतील तर ते लाडवांनी समजणार नाही आणि लाडवांनी बसणारही नाही.

आता तंबाखू. तुम्ही ती 'दारू नाही'च्या आधी अर्ध्या वाक्यात उरकलीत. गेल्या वर्षी कवठेमहांकाळकडचं एक जोडपं आलं होतं. बोलता बोलता नवरा उठून व्हरांड्यात गेला. माझ्या खुर्चीवरून खिडकीतून दिसत होतं. डाव्या तळव्यावर चिमूट, नखानं डबीतला चुना, अंगठ्यानं सावकाश मळणं, दोन थापा आणि खालच्या ओठात. पहाटे द्राक्षावरच्या डावणी रोगासाठी मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची फवारणी करून, हातावर नुसतं पाणी घेऊन तो तसाच आला होता. नखांच्या कडेला अजून निळी रेघ होती. त्याच अंगठ्यानं तो तंबाखू मळत होता. म्हणजे तंबाखूबरोबर फवारणीचं औषधही ओठात चाललं होतं.

तंबाखूनं शुक्रजंतूंची संख्या, चाल आणि आतलं गुणसूत्रांचं सामान, तिन्हीवर परिणाम होतो. ओढा, चघळा, मळा, निकोटिन रक्तात जातंच. फवारणीच्या औषधांचं म्हणाल तर १९७७ सालची गोष्ट सांगते. कॅलिफोर्नियात एका कारखान्यात सूत्रकृमी मारायचं डीबीसीपी नावाचं औषध बनत होतं. आपल्यापैकी कुणाच्याच घरी अलीकडं पाळणा हललेला नाही, हे कामगारांच्याच ध्यानात आलं. तपासणी केली तर कित्येकांचा काउंट शून्य किंवा शून्याजवळ. ते औषध तुमच्या बागेत नाही, आणि हल्लीच्या प्रत्येक औषधाबद्दल इतका ठाम पुरावाही नाही. पण बागेत फवारणीची संख्या तुम्हाला ठाऊक आहे. नोझल चोंदलं की तोंडानं फुंकणं बंद करा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याच्या दिशेनं फवारणी. घरी आल्यावर आधी साबणानं अंघोळ, मग चहा. आणि ते कपडे बायकोच्या धुण्यात टाकू नका, वेगळे धुवा. तीही याच घरात राहते.

शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, पुढं नळीत पिकून बाहेर यायला आणखी काही. धरा अडीच-तीन महिने. फळछाटणीपासून मण्यात पाणी उतरेपर्यंत जातो, जवळपास तेवढाच काळ. छाटणीला झालेली चूक पाणी उतरताना दिसते आणि तेव्हा वरून कितीही टॉनिक मारलं तरी मागचं बदलत नाही, हे मी तुम्हाला काय सांगायचं! आज तंबाखू सोडलीत तर तिचं फळ शिमग्याच्या आसपासच्या रिपोर्टात बघायचं, पुढच्या सोमवारी नाही. एकट्यानं सुटत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

आता खाणं. चुलत्यांचं ऐकायला हरकत नाही. अंडी, उडीद, हरभरा, मासे, पालेभाजी, भाकरी, सगळं चांगलंच आहे. फक्त त्यात औषध शोधू नका. २०१८ मध्ये स्पेनमधल्या ११९ तरुणांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. काहींना १४ आठवडे रोज ६० ग्रॅम अक्रोड, बदाम आणि हेझलनट दिले, बाकीच्यांना नाही. खाणाऱ्यांचा काउंट आणि हालचाल दोन्ही सुधारलं. बायकांना दिवस राहिले का, हे मात्र त्यात बघितलेलं नाही. रोज एवढे अक्रोड म्हणजे द्राक्षाला भाव नसलेल्या वर्षी चैनच. मी मूठभर भाजलेले शेंगदाणे, दोन-चार अक्रोड आणि ताटात जवसाची चटणी एवढं सांगते. जस्त आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या पुरुषांना सर्रास लिहून दिल्या जातात. त्याची अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर रीतसर परीक्षा झाली, २०२० मध्ये निकाल आला. गोळी घेणाऱ्यांच्या घरी मुलं जास्त झाली नाहीत. शिलाजितच्या डबीत नक्की काय आहे हे तुमच्या मित्रालाही माहीत नाही, मलाही नाही. ते पैसे दुसऱ्या रिपोर्टला ठेवा.

प्रश्न : बाईसाहेब, आम्ही खटाव तालुक्यातल्या. सून घरात येऊन चार वर्षं झाली, अजून काही नाही. सून कामाला चांगली आहे. मी तिला डिंकाचे लाडू दिले, गूळ-खोबरं दिलं, दर चतुर्थीला उपास धरायला लावला. आठवडा बाजारातून एक पुडी आणलीय, दुधातून द्यायची, मुलगाच होतो म्हणतात. अजून दिली नाही. रक्त तपासलं तर ८.६ निघालं. मुलगा तपासायला तयार नाही, तालमीत वाढलेला गडी, त्याला काय झालंय? सुनेला आणखी काय खायला घालू?

उत्तर : मावशी, पुडी अजून दिली नाहीत हे फार चांगलं केलंत. ती शेणखईत टाका. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्रजंतूवर ठरतं, आणि तेही एकदा ठरलं की ठरलं. नंतर दुधातून काही घालून ते फिरत नाही. अशी औषधं घेतलेल्या बायकांचा हरियाणात अभ्यास झाला तेव्हा त्यांच्या बाळांमध्ये व्यंगं जास्त आढळली. पुड्यांमध्ये जड धातूही सापडले.

सुनेचं रक्त ८.६ म्हणजे फार कमी. १२ च्या पुढं पाहिजे. एक विचारू का? घरात ती जेवते कधी? आमच्या घरी मोठी चूल होती, चौदा माणसं. माझी आई सगळ्यांची ताटं काढून, पातेल्याच्या बुडाला चिकटलेली आमटी भाकरीनं पुसून जेवायची. डिंकाचा लाडू सकाळी एक दिला आणि रात्री आमटीचं पाणी उरलं, तर रक्त वाढत नाही. तिला सगळ्यांबरोबर बसवा. ताटात मेथी, चाकवत, हरभऱ्याचा पाला, मटकीची उसळ, आणि वरून लिंबू पिळा, लिंबानं भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर आणि जेवल्या जेवल्या चहा नको, चहा तेच लोह अडवतो. गूळ आवडत असेल तर खाऊ द्या, पण गुळानं ८.६ चं १२ होत नाही. त्याला गोळ्या लागतील. रक्त कमी का झालं, पाळीत फार जातं का, जंत आहेत का, हेही डॉक्टरांना दाखवा. फॉलिक ॲसिडची गोळी आत्तापासूनच, दिवस राहायच्या आधीपासून पाहिजे. बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदूची नळी पहिल्या २८ दिवसांतच मिटते, तेव्हा बाईला आपण गरोदर आहोत हे कळलेलंही नसतं. उपकेंद्रात आशाताईंना विचारा. आणि चतुर्थीचा उपास तुम्ही धरा, मावशी. तिला सध्या नको.

आणखी एक. तुमच्या पत्राच्या कागदाला मिसरीचा वास येत होता. रागावू नका, माझी आजी भुईंजची. दर पंधरवड्याला ती लोखंडी तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो. मग ती पाट्यावर वाटून डबीत. माझ्या आईला लग्नाआधी मिसरी माहीत नव्हती. सासरी आल्यावर सकाळी दात घासायला काय, तर तीच डबी पुढं आली. तुमच्या सुनेच्या हातात डबी कुणी दिली, ते तुम्हालाच ठाऊक. मिसरी म्हणजे जळालेली का होईना, तंबाखूच. हिरडीतून रक्तात जाते. तंबाखूनं दिवस राहायला वेळ लागतो, आणि राहिले तर बाळाचं वजन कमी भरतं, बाळ पोटातच जाण्याचा धोकाही वाढतो. तिला सोडायला लावायची तर तुम्हाला आधी सोडावी लागेल.

आता तालमीतला गडी. दंडाच्या बेटकुळ्या आणि शुक्रजंतू यांचा काही संबंध नाही. मूल न राहणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडंही काहीतरी कारण असतं, कधी एकट्याचं, कधी दोघांचं मिळून. त्याची तपासणी सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत सोपी, सुई नाही, दुर्बीण नाही, आणि तीच सगळ्यांत शेवटी होते. माझंच सांगते. लग्नानंतर तीन वर्षं आम्हाला मूल नव्हतं. माझ्या गर्भनळ्यांचा एक्स-रे झाला, दुर्बीण झाली, आणि यजमानांचा नमुना दोन वर्षं 'पुढच्या आठवड्यात'. ते स्वतः डॉक्टर आहेत. त्यामुळं तुमच्या मुलावर मी फार चिडू शकत नाही, पण हे उत्तर त्याला मोठ्यानं वाचून दाखवा.

प्रश्न : मी साताऱ्यात बँकेत आहे. वय २९, उंची पाच फूट एक इंच, वजन ७४. पीसीओडी (अंडाशयाचा त्रास) आहे, पाळी दीड-दोन महिन्यांनी येते. दोन वर्षं प्रयत्न चालू आहेत. मोबाइलवर बघून भात बंद केला, भाकरी बंद केली, महिनाभर किटो केलं, चार किलो उतरले आणि पाच चढले. सोमवार, गुरुवार उपास करते. आता एक ताई म्हणतात पंधरा दिवस जवस, पंधरा दिवस तीळ असं बियांचं चक्र करा. मी थकले आहे.

उत्तर : थकणारच. दोन वर्षं तुम्ही एकेक पदार्थ आरोपीसारखा बाहेर काढताय आणि गुन्हा काही थांबत नाही.

उपासापासून सुरू करू. सोमवारी काय खाता? तुम्ही लिहिलं नाही, पण मी ओळखते. साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, राजगिऱ्याची चिक्की, दोन वेळा जादा चहा. आपल्याकडं म्हण आहेच, एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, तोही तुपात आणि दाण्याच्या कुटात. पीसीओडीत बहुतेकींच्या अंगात इन्शुलिन जास्त फिरतं, त्यामुळं अंडाशयात पुरुषी हार्मोन जास्त तयार होतं आणि बीज पिकून फुटायचं राहून जातं. त्या दृष्टीनं खिचडीपेक्षा तुम्ही बंद केलेली ज्वारीची भाकरी बरी. देवाचं राहू दे असं मी म्हणत नाही, पण उपासाला भगर-आमटी, ताक, एखादं फळ एवढ्यावर या.

आकडा छोटा ठेवा. वजन पाच ते दहा टक्के उतरलं तरी पुष्कळ जणींची पाळी रुळावर येते. तुमच्या बाबतीत ते साधारण पावणेचार ते साडेसात किलो. नटीसारखी कंबर नको आहे. भाकरी सुरू करा, एक, मोठी. निम्मं ताट भाजी आणि कोशिंबीर, मुठीएवढी उसळ किंवा घट्ट वरण किंवा अंडी. बँकेतला चहा मोजा. दिवसाला सहा कप आणि कपात दोन चमचे साखर म्हणजे साठ ग्रॅम साखर तिथंच गेली, आणि ग्राहकानं कर्ज मंजूर झालं म्हणून आणलेले कंदी पेढे वेगळे. पेढा खा, एक, आणि तो चहाबरोबर नको. दहा वाजता जेवण आणि बारापर्यंत मोबाइल, हे बदललं तर डाएटचं निम्मं काम होतं.

साताऱ्यात राहून जिमची फी भरायची गरजच काय? पहाटे अजिंक्यताऱ्यावर निम्मं सातारा चढत असतं. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, धाप लागेल पण बोलता येईल एवढ्या चालीनं. पहिले पंधरा दिवस निम्म्यावरूनच परत या, कुणी हसणार नाही. वजन काट्यावर दिसायच्या आधीच चालण्यानं इन्शुलिनवर फरक पडतो.

बियांच्या चक्राला नीट पुरावा नाही. जवस, तीळ चांगले आहेत, चटणी करून खा, तारीख-वार बघू नका. आहारावरचा मोठा अभ्यास अमेरिकेतला, २००७ मध्ये आलेला, साडेसतरा हजार नर्सेसचा. डाळी-कडधान्यांतून प्रथिनं घेणाऱ्या, वनस्पती तुपासारखे ट्रान्स फॅट टाळणाऱ्या बायकांमध्ये बीज न फुटण्याची तक्रार कमी होती. बाजारची खारी, पॅटिस, केक यात ते असायचे. २०२२ पासून आपल्याकडंही त्यावर दोन टक्क्यांची मर्यादा आली आहे. पण हा नुसता निरीक्षणाचा अभ्यास आहे, खात्रीचा नुस्खा नव्हे.

आणि उलट बाजूही सांगते, नाहीतर मी तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. नेदरलँड्समध्ये ५७७ लठ्ठ बायकांवर प्रयोग झाला, २०१६ मध्ये छापून आला. निम्म्या जणींना आधी सहा महिने आहार-व्यायाम आणि मग उपचार, बाकीच्यांना लगेच उपचार. आधी वजन उतरवणाऱ्यांत औषधाशिवाय दिवस राहिलेल्या जास्त होत्या, पण शेवटी निरोगी बाळ घरी नेणाऱ्यांचा आकडा काही त्यांच्याकडं वाढला नाही. म्हणजे वजन उतरवणं चांगलं, पण 'आधी बारीक व्हा, मग या' असं म्हणून कुणी तुम्हाला वर्षभर परत पाठवत असेल तर दुसरा डॉक्टर बघा. बीज फुटायच्या गोळ्या आणि चालणं एकाच महिन्यात सुरू करता येतं. थायरॉइड आणि साखर तपासा. आणि यजमानांचा रिपोर्ट? तुमच्या दोन पानी पत्रात त्यांचा उल्लेख एकदाही नाही.

प्रश्न : मॅडम, वय २६, कराड. तीन वर्षं जिम. सहा महिने झाले, ट्रेनरनं दिलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतोय. बॉडी मस्त झाली. मे महिन्यात लग्न आहे. मुलावर परिणाम होतो का? वृषण थोडे लहान वाटतात. घरी माहीत नाही.

उत्तर : होतो. आणि लहान वाटत नाहीत, झालेलेच असणार. रक्तात बाहेरून भरपूर टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं, माल पुरेसा आहे. तो वृषणांना पाठवायचा हुकूम थांबवतो आणि कारखाना बंद पडतो. पुरुषत्वाचं औषध घेऊन शुक्रजंतू शून्यावर येतात, हे ऐकून दरवेळी समोरचा मुलगा माझ्याकडं वेड्यासारखा बघतो. इंजेक्शन आता थांबवायचं आहे, पण एकट्यानं गुपचूप नको. थांबवल्यावर काही दिवस गळून गेल्यासारखं, उदास वाटतं आणि त्या भरात पोरं पुन्हा सुई घेतात. हार्मोनच्या डॉक्टरांकडं किंवा युरोलॉजिस्टकडं जा, काउंट तपासा. बहुतेकांचा कारखाना पुन्हा सुरू होतो, पण त्याला सहा महिने लागतात, कधी दोन वर्षंही. म्हणजे मे महिन्याचा हिशेब आत्ताच चुकलाय. होणाऱ्या बायकोला सांगा. ट्रेनरला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, माझ्या शब्दांत ते छापता येणार नाही.

प्रोटीन पावडरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. गावाकडचं दूध, अंडी, चिकन, हरभरे यांत सगळं भागतं. डब्यात न लिहिलेली हार्मोनं मिसळलेली असू शकतात, हे लक्षात ठेवा.

प्रश्न : पाटण तालुका. मी २४, हे २८, चाकणला कंपनीत. दर पंधरा दिवसांनी शनिवारी रात्री येतात, सोमवारी पहाटेच्या एसटीनं जातात. दोन वर्षं झाली. दोघांचे रिपोर्ट चांगले आहेत. ताकदीचं काही खायला सांगा.

उत्तर : ताई, तुम्हाला ताकद नको, सुट्टी पाहिजे.

महिन्यात दिवस राहायची शक्यता जेमतेम सहा दिवस असते, बीज बाहेर पडतं तो दिवस आणि त्याआधीचे पाच. बीज जगतं बारा ते चोवीस तास, शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत. बीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. तुमची पाळी २८ दिवसांची असेल तर पाळी आल्यापासून नववा ते चौदावा दिवस धरा, ३२ ची असेल तर तेरावा ते अठरावा. त्या दिवसांत अंगावरून कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं तारदार पाणी जातं, ती खूण. आता कॅलेंडर काढा आणि गेल्या सहा महिन्यांतले त्यांच्या येण्याचे शनिवार त्यावर मांडा. बऱ्याचदा ते शनिवार पाळीत किंवा आठवडाभर उशिरा पडलेले दिसतील. म्हणजे दोन वर्षं प्रयत्न झाले असं म्हणायचं, आणि खरे प्रयत्न सात-आठ महिन्यांचेच.

त्यांना सांगा, सुट्टी शनिवार बघून नको, तुमची तारीख बघून काढा. किंवा तुम्हीच चार दिवस चाकणला जा. सासूबाईंना काय सांगायचं? दवाखान्याची तारीख आहे म्हणा, मी दिली म्हणून सांगा. त्यांच्या रात्रपाळ्या, मेसचं खाणं, दिवसाला दोन बिडी बंडल हे पत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय, ते मी वाचलं. त्यासाठी वरचं तासगावच्या दादांचं उत्तर त्यांना फोनवर वाचून दाखवा.

प्रश्न : वय ३९, मिरज. दुसरं लग्न. दहा महिने झाले. आणखी सहा महिने आहार-योगासनं करून बघू का, मग डॉक्टरकडे जाऊ?

उत्तर : नको. बाईच्या पस्तिशीनंतर सहा महिनेच थांबायचं असतं, ते उलटून चार महिने झाले. आहार, योगासनं चालू राहू द्या, पण मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, या आठवड्यातली वेळ घ्या. दोघंही जा.